काळा केक, पोचा पडलेलं पातेलं

पातेल्याला पोचा हाय.

*

ज्या बाईला वास येत नाही तिनं गॅसपाशी एकटं थांबू नये, असं डॉक्टर म्हणाले. मग घरातला स्वयंपाक कुणी करायचा, हे ते म्हणाले नाहीत.

*

डाळिंबाचा डाग कपड्यावरून जात नाही.

*

दुधनीहून येणारी सकाळची गाडी. खिडकीपाशी एक म्हातारी, मांडीवर पिशवी, पिशवीत स्वतःची ताटली आणि वाटी. लोकांकडची भांडी कशी घासलेली असतात ते तिला ठाऊक आहे. लोकांकडची म्हणजे सुनेकडची.

*

कारळ्याची चटणी काळीच असती की.

*

एक नंबर.

*

हे सगळं एका केकचं सामान आहे. पण केक फेटायच्या आधी थोडं मागं जायला हवं.

महेश्वरी सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि घरच्या घरी बिनअंड्याचे केक करून विकते. माप ती घेते, पण मापावर तिचा कधी फारसा विश्वास नव्हता. विश्वास जिभेवर. पिठीसाखर असो, कोको असो, चिमूटभर जिभेवर टेकवल्याशिवाय भांड्यात काही पडत नसे. ओव्हनमधला केक झाला की नाही हेही ती घड्याळाकडं न बघता, बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता नाकानं सांगायची.

यंदा गणपती उठले आणि तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. शेंगाचटणी भुशासारखी लागायला लागली. चहा म्हणजे गरम पाणी. "येईल परत," डॉक्टर म्हणाले, "कधी ते सांगता येत नाही."

ही गोष्ट तिनं एकट्या नवऱ्याला सांगितली. प्रभुचं टॉवेल-चादरींचं दुकान. माणूस सरळ, पोटभर जेवणारा. तो म्हणाला, "त्यात काय? तू कर, मी चाखतो. आजपासून माझी जीभ तुझी."

आणि तो चाखायला लागला. स्पंज चाखला, क्रीम चाखलं, केकवर ओतायचं चॉकलेटचं गनाश चाखलं. प्रत्येक वेळी डोळे मिटून, मान डोलावून म्हणाला, "एक नंबर."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या कुमारनं वडिलांच्या एकसष्टीचा केक नेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा तो बुटाच्या टोकाकडं बघत होता.

"वहिनी, राग मानू नका. क्रीम जरा... खवट लागत होतं."

महेश्वरी वर आली. फ्रिजमधलं उरलेलं लोणी काढून प्रभुपुढं धरलं.

"हे खवट आहे?"

प्रभुनं वास घेतला. "हाय जरासं."

"त्या दिवशी तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं की."

"मग?"

प्रभु टॉवेलच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना बसतो तसा बसला. "तू चमचा घेऊन समोर उभी होतीस. अशी बघत होतीस..."

"कशी?"

"अशी," तो म्हणाला. त्याला ते करून दाखवता येईना.

तिला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त. माणूस प्रेमानं खोटं बोलतो तेव्हा भांडताही येत नाही. खवट क्रीम एकदा माफ होतं. दुसऱ्यांदा लोक जिन्यात भेटून सांगत नाहीत, नुसते दुसरीकडून केक आणतात. फेटायचं यंत्र तिनं पुसून खोक्यात घातलं. खोकं अजून चिकटपट्टीनं बंद केलं नव्हतं, एवढंच.

*

आणि अशात आरजू आली.

आरजू मागच्या गल्लीत मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. ती पायऱ्या चढते तीच बोलत चढते.

"भाभी, हॅलोवीन करतेय मी क्लासमदी. सगळे बच्चे भूत बनके आनेवाले. केक तुम्हीच करायचा. तीन थर. आणि ऐसा काला होना, ऐसा काला, की बच्चे देखके चिल्लाना!"

"आरजू, मी सध्या..."

"नक्को बोलू नका भाभी! मी पोरांना सांगून बसले."

ती गेली. महेश्वरी खोक्याकडं बघत राहिली. पांढऱ्या क्रीमचा साधा केक एक वेळ नुसत्या मापावर निभावला असता. काळ्याचं तसं नसतं. कोको वाढवला की कडू होतं, सोडा वाढवला की रंग गडद येतो पण जीभ चरचरते, आणि केक आधीच काळा म्हटल्यावर करपला तर डोळ्यालासुद्धा कळत नाही.

"हा करून बघते," तिनं रात्रीच्या जेवणाला प्रभुला सांगितलं. "हा बिघडला तर बंद. ओव्हन देऊन टाकायचा कुणाला तरी."

"मी चाखतो की. शपथेवर चाखतो."

"तुम्ही नको." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "या जगात माझ्या हातच्या जेवणाला कधीच चांगलं न म्हणालेलं माणूस कोण आहे?"

प्रभुचा घास हातातच राहिला. "अव्वा? अगं, तिनं जन्मात कुणाला चांगलं म्हटलेलं न्हाय!"

"म्हणूनच."

*

अत्तींनी, म्हणजे सासूबाई चंद्रव्वांनी, आजवर दिलेले निकाल, आठवतील तसे:

पुरणपोळी: "पुरण बाहेर डोकावतंय."

धपाटे: "दातं असणाऱ्यांनी खावं."

बारशाचं जेवण: "लोकं उपाशी गेली न्हाईत, येवढंच."

दिवाळीची शेव: काही न बोलता शेवेचं एक टोक दुसऱ्या टोकाशेजारी धरून जाडी दाखवली.

यात एकच अपवाद. लग्नानंतर दुधनीच्या घरात महेश्वरीनं केलेली पहिली आमटी, नैवेद्याची म्हणून न चाखता केलेली. प्रभु नेहमीप्रमाणं "एक नंबर" म्हणाला. सासरे बोलले नाहीत, ते तसेही जेवताना बोलत नसत. आणि चंद्रव्वा? आधी एक वाटी प्यायल्या, मग दुसरी घेतली, मग उरलेली प्रभुच्या ताटात ओतली आणि उठता उठता म्हणाल्या, "पातेल्याला पोचा हाय." झालं. आमटीला नाव ठेवलं नाही! महेश्वरी जेवायला बसली तेव्हा पातेलं रिकामं होतं. नव्या नवरीनं कोरडी भाकरी दह्याशी खाल्ली आणि त्या दिवशी ती जितकी खूश होती तितकी लग्नातही नव्हती.

*

प्रभुनं फोनवर सगळं सांगितलं आणि चंद्रव्वा सकाळच्या गाडीनं आल्या. पिशवीतून ताटली-वाटी काढली, स्वयंपाकघरात खुर्ची मागवली आणि ओट्यापाशी ठाण मांडून बसल्या.

"कशाचं हाय म्हणं हे?"

"परदेशातला भुतांचा सण असतो, अत्ती. त्याचा केक."

"भुतं जेवत्यात व्हय?"

"जेवतात मुलंच. भुतांचे कपडे घालून."

"आमच्या गल्लीतली पोरं अंगूळ न करता तशीच दिसत्यात." त्यांनी कोकोचा डबा उघडून आत बघितलं. "अय्यो शिवने! दिवाळी होऊन आठ दिस न्हाईत तर घरात काळं शिजवतीस?"

"अव्वा, कारळ्याची चटणी काळीच असती की," प्रभु दारातून म्हणाला.

"तिच्यासंगं पांढरी भाकरी असती, प्रभ्या. नुसतं काळं कोण खातंय? तू दुकानाला जा."

तो गेला.  महेश्वरीनं केक आतून बाहेरून काळा ठरवला होता. आता थरांमध्ये पांढरं क्रीम घालायचं तिनं मनात ठरवलं, आणि हे सासूमुळं सुचलं असं काही बोलली नाही. तेवढं तिनंही सासूकडून उचललं होतं.

मग काम सुरू झालं. प्रत्येक जिन्नस चंद्रव्वांच्या नाकाखालून जायला लागला. दही: "आंबट हाय, चालंल." लोणी: "ताजं हाय. कुठनं आणलंस? महाग असंल." व्हॅनिलाची बाटली: "हे अत्तर कशाला अन्नात?"

पहिला स्पंज निघाला. चंद्रव्वांनी तुकडा तोंडात घातला आणि लगेच पाणी मागितलं. "सोडा. जीभ चरचरती. प्रभ्याला दिलास तर एक नंबर म्हणंल."

दुसरा निघाला. "कडू. कडूला माझी ना न्हाय, कारलंबी कडू असतं. पण हे करपल्याचं कडू हाय. खालनं लागलाय."

महेश्वरी भांडी घासायला वळली. पाणी सोडलं. मागून आवाज आला.

"तुला वास कायच येत न्हाय?"

"नाही, अत्ती."

"हिंग?"

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि डबा तिच्या नाकाशी आला. महेश्वरीनं जोरात श्वास घेतला. काही नाही.

"हिंगबी न्हाय," चंद्रव्वा म्हणाल्या. हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत, म्हणून महेश्वरीला डोळे पुसावे लागले. "लाव परत. तिसरा लाव. आच कमी ठेव. मी सांगते."

तिसरा ओव्हनमध्ये गेला. दोघी त्याच्यासमोर बसल्या, एक खुर्चीवर, एक खाली फरशीवर. काचेआड काळोख हळूहळू वर येत होता. आणि चंद्रव्वा, ज्यांना चार-दोन वाक्यांपलीकडं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, त्या बोलत राहिल्या.

"आता नुसतं दुधाचं येतंय. गरम दुधाचं... आता गोड. काकवी उकळताना येतो बघ, तसा. थांब. थांब, आता भाजल्याचा सुटला. आमच्या बाजारात शेंगा भाजत्यात ना, कढईतली वाळू गरम झाल्यावर, तसा. पोटात शिरणारा हाय... करपट न्हाय. अजून न्हाय... आता काढ. काढ म्हंते ना!"

महेश्वरीनं काढला. वास तिला आला नव्हता, पण भाजक्या शेंगांचा बाजार तिच्या डोळ्यांपुढून गेला होता, वाळूसकट.

थंड झाल्यावर तिनं तुकडा कापून चंद्रव्वांच्या ताटलीत वाढला. तेवढ्यात प्रभु जेवायला घरी आला आणि दारातच थबकला. चंद्रव्वा चावत होत्या. चावून झालं. त्यांनी ताटलीकडं बघितलं.

"ताटली लई लहान हाय."

"अव्वा, ताटली तुझीच हाय," प्रभु म्हणाला. "तूच आणलीस दुधनीहून."

"माझी हाय म्हणून मोठी होती व्हय?"

प्रभुनं स्वतः एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "एक..."

"तुम्ही गप्प बसा," महेश्वरी म्हणाली. ती हसत होती. पातेल्याला पोचा हाय. ताटली लहान हाय. तिला निकाल मिळाला होता.

*

काळा थर. पांढरं क्रीम.

काळा थर. पांढरं क्रीम.

काळा थर, आणि वरून कोळशाच्या रंगाचं गनाश, कडांवरून हळू उतरत गेलेलं.

रक्त हवं होतं. चंद्रव्वांनी डाळिंबं सोलली, प्रभुनं दाणे गाळणीवर रगडून रस काढला आणि शर्टाची वाट लावली. रस साखरेत आटवून महेश्वरीनं केकच्या कडेवरून ओघळ सोडले. वर मूठभर सुटे दाणे. मग तिघंही दोन पावलं मागं सरकून बघत राहिले.

"साकु," चंद्रव्वा म्हणाल्या. पुरे. "आणखी काय केलंस तर मलाच भ्या वाटंल."

आरजू रिक्षा घेऊन आली, झाकण उचललं आणि जिन्यातच किंचाळली. संध्याकाळी तिचा फोन आला. मागं एवढा गोंगाट होता की प्रभुनं स्पीकर लावला.

"भाभी! कुछ बाकी नै रह्या! काट्या तो अंदरसे सफेद, सब बच्चे 'हड्डी, हड्डी' बोलके टूट पडे. एक इत्तीशी भुतनी रडतेय हितं, और होना बोलके. मी काय देऊ तिला? पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याचा वाढदिवस हाय, आत्ताच लिहून ठेवा!"

महेश्वरीनं लिहून ठेवलं नाही. तिनं उठून फेटायच्या यंत्राचं रिकामं खोकं पायानं दाबून चपटं केलं आणि रद्दीत टाकलं.

*

सकाळी चंद्रव्वा निघाल्या. ताटली-वाटी घासून पिशवीत गेली, घासताना त्यांनी ती सुनेच्या हातात दिली नाही. दारात चप्पल चढवता चढवता म्हणाल्या, "मोठा काय करायचा असला की फोन कर. नाक आलं तरी कळीव. न्हाय आलं तरी कळीव."

"अत्ती," महेश्वरीला राहवलं नाही, "तेवढी पहिली आमटी मात्र तुम्हाला आवडली होती ना? लग्नानंतरची? मला उरलीसुद्धा नव्हती."

"कुटली आमटी?" चंद्रव्वा म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

प्रभु स्कूटरची किल्ली शोधत होता. किल्ली त्याच्या हातातच होती.

त्या आमटीत मीठ नव्हतं.