काचेवरची रेघ

मित्रांनो, पोटावर काच आणि काचेवर झाकण, एवढाच माझा देह. मी एक जुना स्कॅनर आहे. महाविद्यालयासमोर अर्ज भरून देण्याचं एक छोटं दुकान आहे. त्याच्या वरच्या फळीवर मी पडून असतो. माझ्या काचेवर केसाएवढी एक रेघ आहे. त्या रेघेची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

दुकान एका बाईंचं. सगळे त्यांना फॉर्मवाल्या काकू म्हणतात. मी खोक्यातून बाहेर आलो त्या दिवशी काकूंनी मला मऊ फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "बाबा रे, आता माझी अब्रू तुझ्या हातात." मला हात नाहीत, पण ती गोष्ट मी मनावर घेतली.

शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की दुकानात मुंगी शिरायला जागा नसे. गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाचं पहिलं पान, सगळं माझ्या काचेवर पालथं पडे. मुलांचे चेहरे मला फारसे दिसत नसत; मी त्यांना कागदांवरून ओळखत असे. कोणाचा दाखला खिशात घडी पडून पडून चार ठिकाणी फाटलेला असे, कोणी नवा कोरा कागद दोन्ही हातांनी धरून आणी. मी उजेड फिरवायचो आणि संगणकाच्या पडद्यावर अक्षर न् अक्षर उमटायचं. "काकूंकडचा अर्ज कधी परत येत नाही," असं मुलं एकमेकांना सांगत. ते ऐकून मी फुलून जात असे.

मग एकदा ऐन गर्दीत कोणीतरी पिन न काढताच कागद ठेवला आणि सरकवला. खर्र! काकूंनी वाकून पाहिलं. "हंगाम संपला की काच बदलून आणते," त्या म्हणाल्या. तो हंगाम संपला आणि पुढचा आला. काच राहिली ती राहिलीच. आता प्रत्येक कागदावर एक बारीक करडी रेघ उमटे. काकू म्हणत, "एवढीशी तर आहे. कोणाला दिसतेय!"

त्या सुमारास एक नळदुरुस्तीवाले आपल्या मुलीला घेऊन आले. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती.

"हिला आम्ही मास्तरीण म्हणतो," ते काकूंना म्हणाले. "रस्त्यातल्या पाट्यांच्या चुका काढत चालते. हिच्याबरोबर कुठेही वेळेवर पोचता येत नाही."

"बाबा!" मुलगी लाजली.

काकूंनी मोबाईल नंबर विचारला. "माझाच घाला," ते म्हणाले. "हिच्याकडे फोन नाही, आणि मी कुठे पळून जातोय?"

त्या वर्षी तिची शिष्यवृत्ती मंजूर झाली. नळवाले पान्ह्यासकट धावत आले आणि फोनवरचा मेसेज रांगेतल्या प्रत्येकाला दाखवून गेले.

पुढच्या वर्षी मास्तरीण एकटीच आली. आदल्या वर्षी ज्यांच्या उत्पन्नाचा दाखला माझ्यावर ठेवला होता, त्यांच्याच मृत्यूचा दाखला आता त्याच जागी पालथा पडला. नाव तेच, अक्षरं तीच. मी उजेड फिरवला. माझा उजेड नेहमीच गार असतो, पण त्या दिवशी तो मलाही गार लागला.

त्यानंतर आईच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला आला. माझी रेघ नेमकी दाखल्याच्या क्रमांकावरून गेली. काकूंनी तो मोठा करून पाहिला. एक आकडा तीन आहे की आठ, काही कळत नव्हतं. कागद दोन बोटं सरकवून पुन्हा स्कॅन करायचा, एवढंच काम होतं. पण मागे चौदा जण ताटकळत होते. काकू क्षणभर थांबल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "चालेल."

"नंबर बदलायचा का गं?" त्यांनी विचारलं.

"बाबांचाच राहू दे. आई तो फोन रोज चार्ज करते."

दोन महिन्यांनी ती अर्जाचं काय झालं ते बघायला आली. काकूंनी संगणकावर तिच्या अर्जाचं पान उघडलं आणि त्यांचा हात जागीच थांबला. पडद्यावर लिहिलं होतं, 'दाखला अस्पष्ट. सात दिवसांत दुरुस्त करावा.' त्याखाली होतं, 'मुदत संपल्याने अर्ज रद्द.'

"पण मला कोणी कळवलंच नाही," मास्तरीण म्हणाली.

"तीन मेसेज गेलेत. त्या नंबरावर."

ती खुर्चीवर बसली. "कपाटात फोन वाजायचा," ती हळूच म्हणाली. "बाबांच्या शर्टांमध्ये ठेवलाय तो. मी म्हटलं, बघू का. आईने हात लावू दिला नाही. स्वतःही उघडला नाही. हात जोडले आणि कपाटाचं दार लावून घेतलं."

मित्रांनो, बोलायची वेळ तीच होती. दाखला अस्पष्ट का होता, हे त्या दुकानात दोघांनाच ठाऊक होतं. मला बोलता येत नाही. काकूंना येत होतं.

काकू म्हणाल्या, "घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं गं."

मुलगी निघून गेली.

वर्षभराने तिची एक मैत्रीण अर्जासाठी आली. मास्तरणीने कॉलेज सोडलं, ती आता एका कारखान्यात खोकी भरते, असं तिच्याकडून कळलं. "आणि आईशी बोलत नाही ती. एक अक्षर नाही. म्हणते, आईमुळे माझं शिक्षण गेलं."

दुसऱ्याच दिवशी काकूंनी नवा स्कॅनर आणला आणि मला फळीवर ठेवलं. एक जण सुट्या भागांसाठी मला मागायला आला, तर त्याच्यावर खेकसल्या, "तो विकायचा नाही!" तेव्हापासून काकू बदलल्या. गल्ल्यावर कोणाचा फोन थरथरला की त्या दचकत. "कोणाचा वाजतोय? आधी उघडून बघा, आधी बघा!" मुलं मागे हसत. दुपारी दुकान रिकामं झालं की काकू मला खाली काढत आणि काचेवर काहीही न ठेवता उजेड फिरवायला लावत. पडद्यावर कोरं पान येई आणि त्यावर ती रेघ. काकू तिच्याकडे बघत बसत. चहावर साय धरे. मला दर वेळी त्या कोऱ्या पानात तो आकडा दिसे. त्यांनाही दिसत असावा, कारण त्या बोटाने तिथेच पुसत, आणि पडद्यावरची रेघ काही पुसली जात नसे.

मग एका सकाळी मास्तरीण दारात उभी राहिली. बरोबर धाकटी बहीण होती.

"हिचा अर्ज भरायचाय," ती म्हणाली. "नंबर माझा घाला. आमच्या घरात मेसेज न वाचायची पद्धत आहे."

काकू उठल्या. त्यांनी स्टुलावर चढून मला खाली आणलं. मग संगणकातला जुना दाखला उघडला. तो त्यांनी कधीच पुसून टाकला नव्हता.

"हा आकडा वाच," त्या म्हणाल्या.

मास्तरीण वाकली. "तीन. नाही, आठ. ही रेघ कसली?"

"या काचेवरची. मला त्या दिवशीच दिसली होती. रांग मोठी होती, म्हणून मी तसाच पाठवला. तुझा अर्ज त्यामुळे परत आला. आणि तू आलीस तेव्हा माझी जीभ रेटली नाही."

मास्तरणीने बोट त्या आकड्यावर ठेवलं.

"म्हणजे मेसेज यायचं कारणच..." मास्तरीण थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "आई रोज माझ्यासमोर ताट ठेवते आणि दाराशी उभी राहते. मी जेवते की नाही बघत. मी मान वर करत नाही, काकू. दोन वर्षं."

ती तशीच निघून गेली. बहिणीचे कागद टेबलावरच राहिले. धाकटी तिच्यामागे धावली.

तीन दिवसांनी तिघी आल्या. आईला मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने विचारलं, "हेच का ते यंत्र?" काकूंनी मान हलवली. आईने माझ्या काचेवर तळहात ठेवला. खरखरीत, ऊबदार हात.

"कपाटात वाजायचा ना," ती काकूंना म्हणाली, "तेव्हा वाटायचं, हेच बोलावतायत. उघडला असता तर कळलं असतं, दुसऱ्याच कोणाचा निरोप आहे. म्हणून नाही उघडला."

काकू रडत होत्या. मास्तरणीने बाकावरच्या पिशव्या बाजूला केल्या. "आई," ती म्हणाली, "बस ना."

धाकटीचा अर्ज त्या दिवशी नव्या यंत्रावर भरला गेला. प्रत्येक कागद मास्तरणीने मोठा करून वाचला. तिची स्वतःची दोन वर्षं मात्र कोणत्याच अर्जाने परत आली नाहीत.

मित्रांनो, अर्जात नंबर द्याल तो रोज उघडून बघणाऱ्या माणसाचा द्या. पाठवण्याआधी आपला कागद स्वतः वाचा. आणि माझ्यासारखं यंत्र तुमच्या हाताखाली असेल, तर त्याची काच वेळेवर बदला. पण कधी चूक झालीच, तर त्याच दिवशी तोंडाने सांगा, मागे रांग कितीही लांब असो. तो कागद पुन्हा स्कॅन करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.