टोकायचं नाही

जोतिरामच्या घरात निघालेल्या माणसाला बायकांनी टोकायचं नाही, असा कायदाच होता. कुठं निघालात, कधी येणार, काही म्हणजे काही विचारायचं नाही. कायदा त्याच्या आईचा, केराबाईचा. जोतिराम लहान असताना त्याचा बाप बिरप्पा उजनीच्या पाण्यावरची मोटर चालू करायला निघाला, तेव्हा तिनं उंबऱ्यातून हाक मारून विचारलं होतं, जेवायला थांबू का म्हणून. थोड्या वेळानं बिरप्पाला करंट लागल्याची बातमी आली. तार कुठं उघडी पडली होती ते कुणी बघितलं नाही. केराबाईनं सगळा दोष आपल्या जिभेवर घेतला आणि पुढं सून आली तेव्हा तिच्याही जिभेला कुलूप घातलं.

मे महिन्यात ही मंडळी गाडी काढून कोकणात निघाली, त्या सकाळी सुनेनं, विजयमालानं, गाडीत बसता बसता नवऱ्याला एवढंच विचारलं, की आवं, पुढं घाट लागणार, ब्रेक मिस्त्रीला दावून घेतलं का. झालं! पुढच्या सीटवर बसलेल्या केराबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. निघताना टोकलंस, म्हणाली, आता गाडीतनं उतरेपर्यंत चकार शब्द काढू नकोस. जोतिरामनं हसून चावी फिरवली. ब्रेकचं राहिलं ते राहिलंच. विजयमाला मागं पोरीला, ऋतुजाला, जवळ घेऊन बसली आणि गप्प झाली. गप्प बसायची तिला सवयच होती म्हणा.

जोतिराम ड्रायव्हर कच्चा होता असं कुणी म्हणू नये. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून तो चिखलातनं ट्रॅक्टर काढायचा, तेव्हा बघणारे तोंडात बोट घालायचे. पण आमच्या मुलखात उतार आहेत कुठं? कॅनॉलचा पूल उतरला की संपला आमचा घाट. त्या उतारावर गाडी न्यूट्रल करायची आणि सोडून द्यायची, तेवढंच डिझेल वाचतं, ही अक्कल आमच्याकडं मिसरूड फुटायच्या आत येते. सपाटीवर ती खपूनही जाते, आणि तिथंच घात होतो.

पाटण मागं पडलं, कोयना मागं पडली. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर ऋतुजानं हट्टानं गाडी थांबवून फोटो काढले. खाली दरीत दुपारचं पांढरं धुकट भरलं होतं. केराबाईनं दरीकडं एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही. गाडी उतरायला लागली तसा जोतिरामनं गिअरचा दांडा मधे आणून ठेवला. इंजिनचा आवाज एकदम पडला, आणि टपावर केळीचे घड लादलेली ती जुनी सात सीटची गाडी आपल्या वजनानंच पळायला लागली. बघ, आता विमान, असं तो लेकीला म्हणाला.

ऋतुजा रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. एक पाटी तिनं वाचली, उतारावर वाहन न्यूट्रलमध्ये चालवू नये. ते ट्रकवाल्यांसाठी असतं, असं सांगून जोतिरामनं पुढचं वळण घेतलं.

तीन-चार वळणं गेली आणि विजयमालाला वास आला. तव्यावर फडकं विसरल्यासारखा जळका वास. पुढं एक ट्रक होता, त्याचा असेल, असं तिनं मनाला समजावलं. जोतिरामनं ट्रकला मागं टाकलं, पण वास गाडीतच राहिला. नवऱ्याचा पाय ब्रेकवर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. थांबा जरा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात तिची नजर सासूच्या पाठीकडं गेली. केराबाई दारावरची मूठ घट्ट धरून ताठ बसली होती. सकाळी एकदा टोकलं, आता परत टोकलं आणि काही झालं तर? जन्मभर ते आपल्याच माथी यायचं, सासूच्या माथी आलं तसं. ऋतुजानं विचारलं, आई, कसला वास गं? विजयमालानं तिला उगी केलं आणि सांगितलं, बाहेरचा हाय.

पुढच्या वळणाआधी जोतिरामचा पाय सरळ खाली गेला. त्यानं पुन्हा पुन्हा पेडल मारलं, पण ते नुसतंच भुसभुशीत झालं होतं.

"ब्रेक लागंना," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"गिअरात घ्या, आवं, गिअरात घ्या," विजयमाला ओरडली. आता बोलून काय उपयोग! गिअर करकरत बाहेर फेकला गेला. हँडब्रेक ओढून झाला, तोही लागला नाही. खालून एसटी चढत होती. उजव्या अंगाला दरी, डाव्या अंगाला डोंगर, आणि डाव्या सीटवर त्याची आई. स्टेअरिंग त्यानं डावीकडं जरा वळवलं, परत सरळ केलं. पुन्हा वळवलं, पुन्हा सरळ. ते विजयमालानं बघितलं. केराबाईनंही बघितलं.

"जोत्या, माज्या अंगानं घाल," ती म्हणाली.

त्याच्यानं होईना. मग केराबाईनंच हात टाकून स्टेअरिंग आपल्याकडं ओढलं.

एसटी थांबली, माणसं उतरून धावत आली. ऋतुजाला जरा खरचटलं होतं, तिला कुणीतरी उचलून सावलीत नेलं. जोतिराम रस्त्यावर चिरडलेल्या केळ्यांत उभा राहून येईल त्याला ब्रेक फेल झाला, ब्रेक फेल झाला, एवढंच सांगत होता. गाडीची केराबाईकडची बाजू डोंगरावर आदळून तिच्या छातीपर्यंत आत दबली होती. तिला काढता येईना. विजयमाला मधल्या फटीतनं पुढं शिरली आणि तिनं सासूचा हात धरला. चिपळूणवरून ॲम्ब्युलन्स निघाल्याचं लोक सांगत होते, पण ती पोचायच्या आत केराबाई गेली. तोवर दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही.

ॲम्ब्युलन्सची वाट बघताना विजयमालाला रडू आवरेना. "आत्या, मला मगाशीच वास आला हुता. तुमच्या भ्यानं बोलले न्हाय मी."

केराबाईला दम पुरत नव्हता. थांबून थांबून ती बोलली, आणि तिचं तेच शेवटचं बोलणं.

"मलाबी आला हुता गं. तुज्या आदी."