हळदीत माखलो, तरी झेल सोडला नाही

मी एक जुना खेळाचा गॉगल आहे. माझ्या डाव्या भिंगावर ओरखडे आहेत आणि नाकावरचे एक रबर केव्हाच पडले आहे. तरी मित्रांनो, माझी कीव करू नका. मला ती आवडत नाही.

लोकांना वाटते, मी रंग भडक करून दाखवतो. साफ चूक! कारखान्यात माझ्या भिंगात एक खास द्रव्य मिसळले आहे. लाल आणि हिरव्या रंगाची सरमिसळ करणारा जो मधला उजेड असतो, तेवढाच मी अडवतो. मग लाल ठसठशीत लाल दिसतो आणि हिरवा त्याच्यापासून वेगळा होतो. मी पदरचे काहीही घालत नाही.

नौपाड्यातल्या दुकानातून मला जागृतीने घेतले. ती कोपरीची, दोन लेकरांची आई आणि महिला क्रिकेट संघात सीमारेषेवर उभी राहणारी खेळाडू. लाल टेनिस बॉल तिला झाडांच्या हिरव्यात दिसायचाच नाही. दोन झेल सुटले होते. कर्णधार ऋजुताने स्पष्टच बजावले होते, "जागृतीताई, अजून एक कॅच सुटला ना, तर मी दुसरीला घेणार."

मला लावून ती निघाली, की गल्लीत कुजबुज व्हायची, "बघा, हिरॉईन चालली!" जागृती मान वर करून चालायची आणि मीही तिच्या नाकावर ऐटीत बसायचो.

घरी फक्त तिची सासू गोदाबाई हसली नाही. तिचे तरुणपण मिठागरात गेले होते. पांढऱ्या मिठावरचे ऊन डोळ्यांत जाऊन जाऊन तिला आता उजेड सोसत नसे. म्हणून सुनेचा एकही सामना तिने पाहिला नव्हता. मला हातात घेऊन ती म्हणाली, "आमच्या वक्ताला असा गागल असता तं!"

त्या मोसमात जागृतीने एकही झेल सोडला नाही. ऋजुतानेच माझे कौतुक केले. मग दृष्ट लागली.

जागृतीचा दीर कमलेश मित्राच्या हळदीला निघाला आणि न विचारता मला घेऊन गेला. सूर्य मावळल्यावर गॉगल कशाला लागतो, हे मला आजतागायत कळलेले नाही. डीजेपुढे नाचताना कोणीतरी मला हळद फासली. ती कमलेशने शर्टाने पुसली. जाईना, तेव्हा टूथपेस्ट लावून खसाखसा घासली! डाव्या भिंगावरचा चकाकी रोखणारा लेप निघाला आणि ओरखडे उठले. त्याने मला गुपचूप डबीत ठेवले.

दुसऱ्याच दिवशी खडवलीला अंतिम सामना होता. मैदानात डबी उघडली आणि जागृतीचा चेहराच उतरला. ऋजुता म्हणाली, "काढ तो. आंधळी होऊन खेळणार काय?"

"नाय काढणार," जागृती म्हणाली. "उजवी बाजू चांगली आहे."

शेवटच्या षटकात बॉल उंच उडाला, सरळ तिच्याकडे. ऊन माझ्या डाव्या भिंगावर पडले आणि तिथे नुसते पांढरे धुके झाले. मला फार भीती वाटली. पण जागृतीने डावा डोळा मिटून घेतला. मग उजव्या भिंगाने झाडांच्या हिरव्यातून तो लाल ठिपका तिला स्वच्छ दाखवला. ती धावली, पडली, आणि उठली तेव्हा बॉल छातीशी कवटाळलेला होता.

घरी कमलेश खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, मीच घासलेला. पेस्टनी."

"दात घास त्याने," जागृती म्हणाली. "तेवढंच घास."

मित्रांनो, मलाही तेच सांगायचे आहे. आम्हाला साध्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने टिपा आणि डबीत ठेवा. आणि कोणी कामासाठी गॉगल लावला, तर त्याला नखरा म्हणू नका.

पुढे जागृतीने नवा गॉगल घेतला. मला कपाटात टाकणार, एवढ्यात गोदाबाईने मला उचलले. आता कोपरीच्या मैदानाबाहेर, भर दुपारी, लुगडे नेसलेली ती म्हातारी मला लावून बसते. पोरे खिदळतात. ती माझी नाकावरची बैठक नीट करते आणि म्हणते,

"हसा रं. मना माजी सून दिसते."