चमचाभर विरजण

"ताई, यातलं दही कुठं गेलं?"

ताई ओट्याशी काकडी किसत होती. दह्याचं भांडं घासूनपुसून लखलखीत करून तिने जाळीवर पालथं घातलं होतं.

"सकाळी न्याहारीला तूच नाही का खाल्लंस? तळाशी चमचाभर उरलं होतं, तेही वासावरूनच आंबट ढाण. टाकून दिलं," ताई म्हणाली. "दुकानातून एक पाकीट आण की. काकडीत घालायला हवंय."

त्याने भांडं उचलून आत पाहिलं. तळाशी थेंबही नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला दवाखान्यात हलवलं, त्या संध्याकाळीही तिने सवयीने दुधाला विरजण लावलं होतं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच घरी आला, तर दही मस्त लागलेलं, वर सायीचा जाड थर. ते तोंडात घालवेना आणि फेकवेनाही. शेवटी त्यातलं चमचाभर त्याने नव्या दुधात कालवलं. स्वयंपाकाच्या नावाने त्याची बोंब होती, भातसुद्धा कधी गिच्चा तर कधी फडफडीत. पण संध्याकाळी कोमट दुधात कालचं दही घालायचं हे काम त्याने एकदाही चुकवलं नाही. बायको गेली, तरी तिच्या हातचं दही घरात होतं. आज तेही संपलं.

हे ताईला कोणत्या तोंडाने सांगणार? ताई आणि त्याची बायको यांच्यात विस्तव जात नव्हता. फार वर्षांपूर्वी सासूसुनेचं कशावरून तरी वाजलं, आई हटून बसली आणि ताई येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेली. आई परत आली नाही, तिकडेच वारली. भांडण कशावरून झालं होतं ते आता कुणालाच धड आठवत नव्हतं, पण राग तेवढा सगळ्यांनी नीट जपून ठेवला होता. भावजय गेल्यावर ताई काल पहिल्यांदाच अशी राहायला आली होती आणि उद्या निघणार होती.

त्याने खांद्याला पिशवी अडकवली, बॅटरी घेतली आणि तो कामावर निघाला. तो विजेचे मीटर वाचायचा. या भागात त्याने पाहिलं नाही असं घर नव्हतं, म्हणजे जिन्याखालपर्यंतचं. मीटरपलीकडे कुणाच्या घरात काय शिजतं याच्याशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं. बायको मात्र मागेल त्याला वाटीभर विरजण द्यायची. ते तिच्या माहेरून आलेलं, असं तीच म्हणायची. 'तुझ्या माहेरची सगळीच माणसं आंबट' असं तो चिडवायचा आणि ती नुसती हसायची. ज्यांना दिलं त्यांच्यापैकी कुणाकडे तरी ते असेलच, असा त्याने हिशेब केला.

कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवून त्याचं ऐकून घेतलं.

"आता पाकिटाचंच आणते हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "मुलं बाहेर गेली. एकटीसाठी कुठं विरजण लावत बसू? सिस्टरकडे बघा. त्या नेमानं लावतात."

सिस्टर म्हणजे पूर्वी त्याच्या शेजारी राहणाऱ्या नर्स. निवृत्त होऊनही त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्यांच्या मीटरला झाकण नव्हतं आणि ते बसवून घ्या म्हणून तो दर खेपेला सांगायचा. आज मीटरकडे न बघताच तो वर गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने त्यांचं स्वयंपाकघर पाहिलं.

"बसा, भाऊ. काय झालं? चेहरा का उतरलाय?"

त्याने सांगितलं. चमचाभर दह्यासाठी एवढा मोठा माणूस दारोदार फिरतोय, याची त्याला लाज वाटली. सिस्टरने कपाटातून दह्याचा चिनी मातीचा सट काढून त्याच्यापुढे ठेवला.

"हे वहिनींकडूनच आणलेलं. दवाखान्यात जायच्या थोडंच आधी. हवं तेवढं न्या."

"देवासारख्या भेटलात. तिच्या माहेरची तेवढीच एक आठवण होती."

दही काढायला वाटी घेत असलेला सिस्टरचा हात थांबला.

"माहेरची? असं सांगितलं होतं होय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "अहो, हे तुमच्या आईचं."

त्याने सट जवळ ओढून आत पाहिलं.

"मावशींना मी इंजेक्शन द्यायला यायचे ना, तेव्हा त्यांनीच मला हे विरजण दिलं होतं. मग त्या रागावून लेकीकडे गेल्या. जाताना दह्याचं भांडंसुद्धा घासून पालथं घालून गेल्या, माझं काही मागं राहायला नको म्हणाल्या. त्याच संध्याकाळी वहिनी माझ्या दारात. हातात रिकामी वाटी. म्हणाल्या, तुमच्याकडं सासूबाईंचं विरजण आहे ना, थोडं द्या. त्या परत आल्या तर त्यांना चव वेगळी लागायला नको."

"मग मला का नाही सांगितलं?"

"हट्टी होत्या की. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आईला सांगितलं असतंत, आणि मग ही हरली असं झालं असतं. मला शपथ घातली होती. नंतर मावशी गेल्याचं कळलं, तेव्हा इथंच बसून रडल्या होत्या. मग मात्र कधी विषय काढला नाही. कधी माझं विरजण बिघडलं तर त्यांच्याकडून आणायचे, त्यांचं बिघडलं तर त्या माझ्याकडून न्यायच्या. असं चालवलं आम्ही दोघींनी."

घरी येताना तो वाटी दोन्ही हातांत धरून चालत होता. ओळखीच्या लोकांनी हाक मारली, तर त्याने नुसती मान हलवली. आईची वाट पाहणारी बायको रोज संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोर ते विरजण लावत होती आणि त्याला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्याला स्वतःचा राग आला, तिचाही आला, आणि मग दोघींची, आईची आणि तिची, फार दया आली.

संध्याकाळी त्याने दुधाला विरजण लावलं. "पाकीट नाही मिळालं का?" ताईने विचारलं, तर तो "नाही" म्हणाला.

सकाळी ताईचा पिशव्या भरण्याचा गोंधळ चालू होता. त्याने काकडी किसली, मीठ आणि जिरं घातलं, दही कालवलं आणि भाताशेजारी वाढलं. भात आजही गिच्चाच झाला होता.

पहिला घास खाऊन ताईने त्याच्याकडे पाहिलं. दुसरा घास घेतला आणि ती थांबली.

"हे कुठलं दही?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, सिस्टरनं सांगितलं तसं. ताई ऐकताना ताटातला भात बोटाने एकीकडे सारत राहिली.

"आई माझ्याकडं दह्याला नावं ठेवायची," ती म्हणाली. "हे दही नव्हे, हे दही नव्हे. मला वाटायचं, म्हातारीला माझं काहीच गोड लागत नाही. दूध बदललं, भांडं बदललं. शेवटी शेवटी वैतागून बोललेही तिला."

"अगं, तुला काय ठाऊक."

"तिनं तरी सांगायचं, माझं विरजण तिकडं राहिलं, आणून दे म्हणून. मी आले असते रे मागायला." मग ती खरं तेच बोलली. "नसते आले. तिच्या दारात तर नसतेच आले."

ताट पुसून स्वच्छ केल्यासारखं तिने संपवलं.

बसस्टँडवर गर्दी होती. त्याने ताईच्या पिशव्या वरच्या फळीवर चढवल्या. ती खिडकीशी बसली. मांडीवर रुमालात बांधलेला एक छोटा स्टीलचा डबा होता. निघताना तिने तो त्याच्याकडून विरजण भरून मागून घेतला होता.

"तोही वर ठेवू का?"

"नको. राहू दे माझ्याजवळ."

"पोचेपर्यंत संध्याकाळ होईल, ताई. ऊन आहे. आंबून जाईल."

"आंबलं तर आंबू दे," ताई म्हणाली. "दुधाला लागलं म्हणजे झालं."

बस सुरू झाली. ताईने हात हलवला नाही. तिचे दोन्ही हात डब्यावर होते.