मी सुभद्राबाईंनी न नेसलेली साडी

ओळखलंत का मला? मी सुरतेची साडी. रंग जांभळा, अंगभर खडे, आणि खरं सांगायचं तर थोडी गर्विष्ठ. पलसाण्याच्या मिलमध्ये माझ्यावर रंग चढला, तेव्हापासूनच मी ठरवून टाकलं होतं की आपला जन्म मिरवण्यासाठी आहे.

१९९७ साली खडे लावण्यासाठी मी सुरतेतच डिंडोलीला सुभद्राबाईंच्या घरी आले. बाई मूळच्या खानदेशातल्या. नवरा लूमवर कामाला, आणि या घरबसल्या एका शेठच्या साड्यांना मजुरीवर खडे चिकटवायच्या. काय हात होता हो त्यांचा! एखादा खडा जरासा तिरका बसला तरी काढून पुन्हा लावायच्या. माझं रूप खुललं ते त्यांच्यामुळेच.

त्यांची लेक सुषमा नर्सिंग शिकत होती. तिचा शपथविधी ठरला. मोठमोठे डॉक्टर येणार, सगळ्यांचे आईवडील येणार. सुभद्राबाईंकडे मात्र नेसायला चांगलं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "मनाजोडे नेसाले काय शे? मी नही येत."

सुषमाचे डोळे भरून आले. "माय, तू आली नाहीस तर मी कोणाकडे बघू?" एवढंच बोलून ती हॉस्टेलला गेली.

कार्यक्रमाच्या सकाळी शेजारच्या इंदुबाई आल्या. माझं काम तेव्हा पुरं झालं होतं आणि मी घडी होऊन पडले होते. त्यांनी मला उचललं. "हाई नेसी ले ना! शेठले काय समजी?"

सुभद्राबाईंनी मला अंगाला लावलं, निऱ्या घातल्या, पदर घेतला. आरशात पाहून त्या लाजल्या. इतक्या सुंदर दिसत होत्या! मी मनातल्या मनात म्हटलं, चला, आता उशीर नको.

पण त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "पोर तठे शपथ लेई, आन् माय लोकेसनी साडी नेसीसन बशी? नही वं बाई." त्यांनी मला सोडलं आणि पुन्हा नीट घडी घातली. फार राग आला मला.

मग त्यांनी आपली रोजची हिरवी सुती साडी काढली. धुतलेली होती, पण चुरगळलेली. तांब्यात निखारे घालून त्यांनी ती काठापासून पदरापर्यंत दाबून काढली. नेसल्या, आणि ताठ मानेने निघाल्या. मी नाक मुरडलं.

संध्याकाळी मायलेकी घरी आल्या. सुषमा आईच्या गळ्यात पडून सांगत होती, "स्टेजवरून सगळ्यांच्या साड्या नुसत्या चमचम दिसत होत्या. मी घाबरले होते. मग तुझी हिरवी साडी दिसली. शपथ संपेपर्यंत मी तिकडेच बघत होते, माय."

माझा सगळा तोरा तिथेच उतरला. मला नेसून बाई गेल्या असत्या, तर त्या गर्दीत लेकीला आई सापडलीच नसती.

पुढे शेठने मला विकलं, आणि आता मी एका मोठ्या घराच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. साखरपुड्यांना, पार्ट्यांना जाते. लोक कौतुक करतात आणि मला ते अजूनही आवडतं. तुम्हीही खुशाल मला न्या. पण ज्या दिवशी तुमचं लेकरू भरल्या सभेत तुम्हाला शोधणार असेल, त्या दिवशी मात्र मला कपाटातच राहू द्या.