भैयाजींच्या कानातली पडीक बांधी

मी एक जुनी वाट आहे, मित्रांनो. मूल गावच्या बाजारात शोधाल तर सापडणार नाही. भैयाजींच्या कानातून निघून मी त्यांच्या मेंदूत जाते. आजवर कुणी माझी साधी विचारपूस केली नाही, म्हणून आता मीच तोंड उघडते. ऐका, आणि मध्ये बोलू नका!

आमच्याकडे शेतात धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी पाडलेली खाचरं, जशा एकीला लागून एक असतात, तशीच माझी रचना आहे. कानाच्या दाराशी बारीक, टोकदार आवाजांची बांधी. मग त्याहून जाड, त्याहून जाड, आणि अगदी आत घुमणाऱ्या आवाजांची. मेंदूपर्यंत कितीतरी थांबे लागतात, पण हा क्रम कुठंच मोडत नाही. शेजारचा आवाज शेवटपर्यंत शेजारीच. तुमच्या डोक्यात, कुत्र्याच्या डोक्यात, वाघाच्याही डोक्यात हीच शिस्त. आणि एका बांधीचं काम दुसरीला जमत नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

भैयाजी राइस मिलमध्ये ऑपरेटर होते. धान सोलणारे रबराचे रोल झिजले की मशीनचा आवाज जरासा बदलतो. तो ओळखायला ते मशीनच्या पत्र्याला कान लावून उभे राहत. कानात घालायचे बोळे मिळाले, ते त्यांनी खिळ्याला टांगले. "हे घातल्यावर मशीन कशी ऐकू?" म्हणाले. मालक चारचौघांत सांगे, "आमच्या भैयाजीचा कान म्हणजे कान!" मीही फुगले. पण रोजचा मारा खाऊन खाऊन दाराशी असलेली ती बारीक आवाजांची बांधी मेली. मेली म्हणजे मेलीच, तिथं पुन्हा पीक येत नाही. उलट कुणी न काढलेला सूंऽऽ आवाज तेवढा दिवसभर चालू असतो.

घरी काय झालं? सून ज्योत्स्ना बोलली की आ, ओ पोचत, पण स, च, त असले पातळ आवाज गळून जात. ती बोलतेय हे कळे, काय बोलतेय ते कळेना. त्यात ट्रॅक्टर रस्त्याला लागला की त्याचा जाडा आवाज भैयाजींना सगळ्यांआधी ऐकू येई. मग काय! ज्योत्स्ना सासऱ्यांवर चिडायची, "मामाजीले मतलबाचं बरोबर ऐकू येते!" भैयाजींची बायको वच्छलाबाई कानात लसणाचं गरम तेल ओतायची. अहो, तेलानं मेलेली बांधी जिवंत होते का? बाकीचे नुसते ओरडायचे. ओरडून जाडे आवाज आणखी जाडे होतात, पातळ तिथंच राहतात! माझा जीव कातावून जाई, पण सांगणार कुणाला?

मग मोहफुलांचा हंगाम आला. जंगलात वाघ आहे, म्हणून बाया घोळक्यानं जातात आणि वाकून फुलं वेचताना एकाला नुसतं ऐकायला बसवतात, कारण वाघ दिसला की चितळ ओरडून सावध करतं. शेजारच्या अंजनाबाई म्हणाल्या, "भैयाजी भाऊले बसवा. मिलचा कान हाय त्याचा." भैयाजी ताठ होऊन बसले. एवढ्या मानाला नाही कोण म्हणणार? आणि मला तर तेव्हा तोंडच नव्हतं!

ज्योत्स्ना टोपली घेऊन नाल्याकाठी वाकली होती. पलीकडे चितळ ओरडलं. बारीक, टोकदार हाक. ती माझ्या मेलेल्या बांधीत पडली आणि तिथंच संपली. जे आलंच नाही ते मी पुढं काय पोचवू? ज्योत्स्नानं मान वर करून मामाजींकडे पाहिलं. ते शांत बसलेले. म्हणून तिनं स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही आणि पुन्हा वाकली. चितळ पुन्हा ओरडलं. तेवढ्यात अंजनाबाईंना झुडूप हललेलं दिसलं आणि त्या किंचाळल्या. बायांनी डबे बडवले, आरडाओरडा केला, तेव्हा वाघ वळला. ज्योत्स्नाच्या टोपलीपासून तो दोन उड्यांवर होता.

टोपली तिथंच टाकून ती मामाजींपाशी आली. "मामाजी, चितळ ओरडून राह्यलं होतं. सांगतलं काऊन नाई?"

भैयाजींनी तिच्या ओठांवरून ते ओळखलं. मग हळूच म्हणाले, "मले चितळ ऐकूच येत नाई, बाई. लय दिवसांपासून नाई."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही.

तिथून ते तडक मिलमध्ये गेले. तिथं आता त्यांचा मुलगा निकेश ऑपरेटर आहे. तो पत्र्याला कान लावून उभा होता, आणि त्याचे बोळे त्याच खिळ्याला. भैयाजींनी ते काढून त्याच्या हातात दिले. निकेश काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही, पण भैयाजींना कळलं, कारण ते त्यांचंच जुनं वाक्य होतं. त्यांनी त्याचा तळहात पत्र्यावर दाबून धरला. "हातानं ऐक," म्हणाले.

मित्रांनो, माझी ती बांधी आता पडीकच राहणार, आणि त्याचा मला अजूनही संताप येतो. तुमच्या बांध्या हिरव्या आहेत, त्या जपा. आणि माझ्यासारखी वाट घेऊन जगणाऱ्यावर ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला. ज्योत्स्ना तसंच करते. मोहाला गेल्यावर ऐकायला आता अंजनाबाई बसतात. भैयाजी सुनेच्या टोपलीपाशी उभे राहतात आणि तिच्या मानेवरची नजर काढत नाहीत. काही ऐकून तिनं मान वर केली, की ते तिचा हात धरून तिला मागं ओढतात.