चार शब्द चांगले

आमच्या गल्लीत त्याला सगळे पैलवान म्हणायचे. गोदामात हमाली करायचा. एके दिवशी पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि कंबर कायमची कामातून गेली. कामगारांच्या सरकारी अपंगत्व विम्याचे पैसे दरमहा यायचे, त्यावर घर चालायचं. त्याची बायको, गल्लीतल्या सगळ्यांची वहिनी, माझ्या शिलाईच्या दुकानात काजबटणं करायला यायची.

एका दुपारी एक गृहस्थ बाही उसवलेला सदरा घेऊन आला. मी टाके घालत असताना सहज म्हणाला, "समोरचे पैलवान बरे आहेत ना?"

मला वाटलं, चार शब्द चांगले बोलावेत. "बरे? अहो, परवा माझं मशीन एकट्याने उचलून आत ठेवलं!"

खरं तर मशीन आम्ही दुकानातल्या तिघींनी ढकललं होतं. त्याने नुसता हात लावला, आणि त्यानंतर दोन दिवस त्याला कूस बदलता आली नाही. पण तिखटमीठ लावल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

पुढच्या महिन्यात पैसे बंद झाले. वहिनी विमा कार्यालयाचं पत्र घेऊन आली. 'शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार काम करण्यास सक्षम.'

"कुणाचं काय वाकडं केलं होतं हो आम्ही, ताई?"

तो बाहीवाला गृहस्थ विम्याचा तपासनीस होता, असा तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले. "लोकांचं काय सांगावं," एवढंच पुटपुटले.

आठवड्याने पैलवान कमरेला पट्टा बांधून गोदामात गेला. पहिलंच पोतं उचललं आणि तिथेच कोसळला. चौघांनी त्याला उचलून घरी आणलं.

त्या संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नवऱ्याची कंबर शेकायला पाणी तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी विमा कार्यालय गाठलं. साहेबांनी विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

"कौतुक करत होते."

साहेबांना हसू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी जबाब लिहून घेतला, मी सही केली.

तीन महिन्यांनी पैसे पुन्हा सुरू झाले. पण आधी पैलवान काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जायचा, तेही आता संपलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा पडल्या पडल्या म्हणाला, "या ताई, बसा."

वहिनी उठली आणि आत निघून गेली. मी दारातच उभी राहिले.